मी अठ्ठ्याण्णव, आता तू

रत्नागिरीत बाईला वय विचारलं तर ती हसून दोन वर्षं कमी सांगते. वजन विचारलं तर पुढचे सहा महिने तुमच्याकडे हळदीकुंकवाला येत नाही. मांडवीला जाणाऱ्या रस्त्यावर एक औषधाचं दुकान होतं. तिथली मालकीण हे दोन्ही प्रश्न विचारायची, तेही मोठ्यानं, दुकानात चार माणसं उभी असताना. गाव तिला मागून काटेवाली म्हणायचं आणि पुढ्यात गेलं की काकू म्हणायचं. मीसुद्धा त्यातलीच, तेव्हा गावाला नावं ठेवत नाही.

मी एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर माणसंच बघते. मिसरूड फुटलेल्या घोड्याला अर्ध्या तिकिटात बसवणारे बाप बघते, रिकाम्या सीटवर पिशवी ठेवून झोपेचं सोंग घेणाऱ्या बाया बघते. पण काकूंसारखं माणूस दुसरं बघितलं नाही. लोक म्हणतात, विक्षिप्त होत्या. असतील. शहाण्या माणसांनी माझ्यासाठी काय केलं ते मला चांगलं ठाऊक आहे.

काकू उंच, रुंद, नायलॉनच्या साडीवर पांढरा डगला घातलेल्या. केसात अबोलीचा गजरा, तोही कधी सरळ नाही. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, भिंग होतं, काळ्या दोऱ्याला बांधलेलं. औषधाच्या खोक्यात ती बारीक अक्षरांची घडी घातलेली चिठ्ठी असते ना, जी आपण खोक्याबरोबर फेकून देतो, ती काकू भिंगातून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. लाल पेनानं खुणा करायच्या आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. असे सात डबे होते. कुणी म्हटलं, काकू, हे कोण वाचतं, तर म्हणायच्या, "गिळणाऱ्यानं वाचलं नाय तर विकणाऱ्यानं तरी वाचायला नको?"

काउंटरच्या पुढ्यात जमिनीवर लाल रंगाचा लोखंडी काटा ठेवलेला. वर चढलं की काचेखाली सुई थरथरत फिरायची. लहान पोराच्या तापाचं औषध वजनावर द्यायचं असतं, हे सगळ्या आयांना मान्य होतं. पोराला काट्यावर उभं करायला कुणाची ना नव्हती. भांडण व्हायचं ते एकाच गोळीवरून.

ती गोळी कुठली ते सगळ्यांना कळतं, नाव कुणी घेत नाही. रात्री खबरदारी चुकली की तीन दिवसांच्या आत घ्यायची ती. कुणी तिला बहात्तर तासवाली म्हणायचं, कुणी मोबाईलवर फोटो दाखवायचं, कुणी रिकामं खोकं रुमालात गुंडाळून आणायचं. बाकीची दुकानं न विचारता द्यायची, काळ्या पिशवीत घालून, दुसरीकडे बघत. काकूंकडे काळी पिशवी नव्हतीच. "खोकल्याचं औषध उघडं नेतेस, मग हे का नाय? चोरी केलीस?" असं म्हणून खोकं सरळ हातात ठेवायच्या. त्याआधी एकच शब्द असायचा. "चढ."

कारण काय, तर त्यांचं म्हणणं असं, की ही गोळी अंगानं भरलेल्या बाईवर कमी चालते. साधारण सत्तर किलोच्या पुढे काटा गेला की गोळीवर सगळा भार टाकायचा नाही. म्हणजे घ्यायचीच नाही असं नव्हे. घ्यायची, लवकरात लवकर घ्यायची, पण पाच दिवसांच्या आत डॉक्टरकडे जाऊन तांबी बसवून घेतली तर जास्त बरं, कारण तांबीला तुमच्या वजनाचं काही देणंघेणं नाही. दोन गोळ्या घेऊ का असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ते डॉक्टरला विचार. माझ्या मनानं मी सांगणार नाय."

एकदा एक शिकलासवरलेला माणूस त्यांच्याशी वाद घालायला लागला. म्हणे हे काही पक्कं सिद्ध झालेलं नाही, डॉक्टरांच्यातच दोन मतं आहेत. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असतील दोन मतं. पोट एकच आहे, आणि ते तुमचं नाय. जिचं आहे तिला शंका आहे एवढं तरी कळू दे की." तो माणूस खोकल्याच्या गोळ्या घेऊन गेला.

त्यांची एक म्हण होती, स्वतःच रचलेली. बांगडा वाट्यावर, सुरमई किलोवर. बाजारात बांगड्याचा वाटा लावलेला असतो, कुठला मोठा कुठला बारीक कुणी बघत नाही. सुरमईला मात्र तागडी लागते. "सगळ्या बायकांना एकच गोळी म्हणजे बांगड्याचा वाटा झाला," काकू म्हणायच्या. "मी सुरमई विकते." ऐकणाऱ्या बाईला हसावं की रागवावं कळायचं नाही. मला तर बाई राग यायचा.

पुरुष गिऱ्हाईक आलं तर आणखी मजा. नवीन लग्न झालेला एक पोरगा गोळी मागायला आला. काकूंनी विचारलं, "वजन किती?" तो म्हणाला, "माझं एकसष्ट." काकू म्हणाल्या, "तुझं काय करू मी? जी घेणार आहे तिचं सांग." पोरगा बाहेर जाऊन फोन लावून आला आणि मान खाली घालून म्हणाला, "विचारलं तर फोन ठेवला तिनं." काकूंनी त्याला गोळी दिली, बरोबर कागदावर सगळं लिहून दिलं आणि वर सुनावलं, "बायकोचं वजन माहीत नाय आणि निघाले संसार करायला." दुकानाबाहेर पाटी होती: वजन सांगा, लाज नको. आळीतले एक प्रतिष्ठित गृहस्थ ती काढायला सांगायला आले. म्हणाले, "या रस्त्यानं मुलीबाळी जातात." काकू म्हणाल्या, "म्हणूनच इथे लावली." दुसऱ्या दिवशी पाटीवर अक्षरं दुप्पट मोठी झाली होती.

आता माझं सांगते.

तेव्हा मी मांडवीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. घरात मी, दोन मुली आणि सासूबाई. नवरा जहाजावर स्वयंपाकी. आठ महिने पाण्यावर, दोन महिने घरी. माणूस वाईट नाही, पण घरी आला की पाहुणा, आणि पाहुण्याला नाही कसं म्हणायचं. त्या वर्षी मी कंडक्टरच्या भरतीला बसले होते. सासूबाई म्हणायच्या, नोकरी काय पळून जाते का, आधी एक नातू दे. नोकरी पळूनच जाते. यादीत माझं नाव लागलं होतं आणि महिन्याभरानं ट्रेनिंग होतं. तिसऱ्यांदा दिवस गेले असते तर ते ट्रेनिंग गेलं असतं, पुढची यादी कधी लागणार ते देवाला ठाऊक, आणि तोवर माझं वय उलटलं असतं. दहावीनंतर पंधरा वर्षं मी स्वतःच्या नावाचं एक पत्र घरी यायची वाट बघत होते. ते आलं होतं. तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं.

आणि नवरा जायच्या आदल्या रात्री, शनिवारी, खबरदारी चुकली. रविवारी सकाळी तो बॅग घेऊन गेला. मी अख्खा दिवस घरात येरझारा घातल्या.

काकूंचं दुकान आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. पण तिथे काटा होता. मी तेव्हा ऐंशीच्या वर होते, किती वर ते मलाच बघायचं नव्हतं. लग्नात पन्नास होते. दोन बाळंतपणं, भात आणि दुपारची झोप. नवऱ्यानं एकदा हसत हसत "आमची म्हैस" म्हटलं होतं, चार माणसांत. त्या दिवसापासून मी त्या दुकानासमोर आले की रस्ता ओलांडून पलीकडून चालायचे. दुसऱ्या दुकानात जावं तर तिथला पोऱ्या नवऱ्याच्या मित्राचा भाऊ. मग मी काय केलं, शेजारच्या शबानाला पाठवलं.

शबाना म्हणजे काडी. वारा आला तर खिडकी धरून उभी राहील अशी. तिचा नवरा आखातात, सात महिने झाले होते जाऊन. तरी ती माझ्यासाठी गेली. तेव्हा माझ्या डोक्यात माझंच चाललं होतं, पण नंतर विचार केला तर अंगावर काटा आला. नवरा परदेशात असलेली बाई ती गोळी घेताना कुणी बघितली असती तर तिची काय गत झाली असती. मी विचारलं नाही आणि तिनंही दाखवलं नाही. ओढणी डोक्यावर घेतली आणि "आलेच भाभी" म्हणून गेली.

काकूंनी तिला काट्यावर चढवलं. पंचेचाळीस. "कुणासाठी?" "माझ्यासाठी." दुकानात आणखी दोन बाया होत्या. काकूंनी गोळी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "बिनघोर घे." शबानानं येऊन मला तसंच्या तसं सांगितलं. मी सोमवारी दुपारी पाण्याबरोबर ती गोळी गिळली आणि खरंच बिनघोर झोपले. दुसऱ्या बाईच्या पंचेचाळीस किलोंवर मी बिनघोर झोपले होते. आणि ही अक्कल एकट्या माझी नव्हती. नंतर कळलं, काट्याच्या भीतीनं आमच्या आळीतल्या कितीतरी जाड बाया बारीक नणंदांना, बहिणींना पाठवायच्या. ज्यांना त्या काट्याची गरज होती त्या घरीच, आणि ज्यांना नव्हती त्या काट्यावर.

मंगळवारी दुपारी भाताला फोडणी देत होते तर दारात काकू. काखेत लाल काटा, टॉवेलात गुंडाळलेला, कपाळावर घामाच्या धारा. गणपतीतसुद्धा ज्यांनी दुकान बंद ठेवलं नाही त्या बाईनं भर दुपारी शटर ओढलं होतं. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. सासूबाई ओटीवर बसून कोकमाची सोलं पुसत होत्या. त्यांनी विचारलं, "काय हो काकू, काटा घेऊन?"

"वजन करायला आले. शिबीर आहे," काकू म्हणाल्या.

"कसलं शिबीर?"

"वजनाचं. चढा."

आणि खरोखरच शिबीर केलं हो त्या बाईनं. सासूबाईंना चढवलं. एक्केचाळीस. सासूबाई सुईकडे बघत म्हणाल्या, "एवढीच राहिले काय मी?" आणि बराच वेळ खाली उतरल्या नाहीत. मग शेजारची म्हातारी आली, तिची सून आली, शबाना भिंतीआडून बघत होती तिला ओढून पुन्हा चढवलं. प्रत्येकीचं वजन काकूंनी मोठ्यानं सांगितलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. खोटं बोलून काम करायचं नाही हा त्यांचा नियम. शिबीर म्हटलं म्हणजे शिबीर झालंच पाहिजे. शेवटी माझ्याकडे वळल्या. "चढ गो."

मला वाटलं, आता ही गाव गोळा करणार. मी डोळे मिटून चढले. सुईचा आवाज थांबला, पण काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि माझ्या मुठीत कोंबली. मी आत जाऊन वाचली. त्र्याऐंशी, गोळी कधी घेतलीस, पाणी द्यायला आत बोलव.

मी पाणी देते म्हणून त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांनी अर्धा तांब्या घटाघटा प्यायला आणि हळू आवाजात बोलल्या. काकूंना हळू आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. "शबानाचा नवरा सात महिने घरी नाय. तुझा परवा गेला, जाताना माझ्याकडूनच पित्ताच्या गोळ्या नेल्यान. आणि तू वर्षभर माझ्या दुकानासमोर रस्ता बदलतेस. मला काल रात्री झोप लागली नाय बाय. मी तुला बिनघोर घे म्हटलं, आणि तू बिनघोर नायस. कधीची गोष्ट?"

"शनिवारची."

त्यांनी बोटं मोजली. "उद्या सकाळी तांबी बसवायला जाऊ. चौथा दिवस. वेळ आहे."

मी म्हटलं, गोळी घेतलीय ना, होईल काम. काकू म्हणाल्या, "होईलसुद्धा. पण होईल म्हणून तू नोकरी लावतेस पणाला?" नोकरीचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मांडवीत तांदळाच्या डब्याखालचंही लोकांना कळतं.

बुधवारी सकाळी सासूबाईंना म्हटलं, काकूंबरोबर जाऊन येते. त्यांनी कुठे म्हणून विचारलं नाही. शहराच्या टोकाला एका डॉक्टरीणबाईंचा लहानसा दवाखाना होता, तिथे रिक्षानं गेलो. आत नंबर लागायचा होता, बाकड्यावर बसलो. काकू भिंगाशी चाळा करत होत्या. मी विचारलं, तुम्हाला एवढं काय पडलंय माझं. जरा रागातच विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मुलगी होती, मास्तरीण व्हायचं शिकत होती, अंगानं चांगली भरलेली. तिला काकूंनीच ती गोळी दिली आणि म्हटलं, बिनघोर जा. चौथ्या महिन्यात घरच्यांना कळलं. मुलगी म्हणत राहिली, मी गोळी घेतली होती, वेळेवर घेतली होती. कुणी विश्वास ठेवला नाही. तिचा बाप तिला घेऊन दुकानात आला आणि काकूंना विचारलं, ही गोळी घेतली तर दिवस राहतात का?

"आणि मी म्हटलं, नाय राहत," काकू म्हणाल्या. "काउंटरवरून. मोठ्यानं. मला माहीत नव्हतं ते मी माहीत असल्यासारखं सांगितलं. ती पोर माझ्याकडे बघत होती. माझ्या एका वाक्यानं ती खोटारडी ठरली. शिक्षण बंद. महिन्याभरात लग्न लावून दिल्यानी, चिपळूणपलीकडच्या गावात."

पुढे कधीतरी एका खलाशाच्या बायकोनं परदेशातून आलेलं खोकं दाखवायला आणलं. काकूंनी सवयीप्रमाणे आतली चिठ्ठी भिंगाखाली धरली आणि तिथे वजनाचं लिहिलेलं सापडलं. आपल्याकडच्या खोक्यात त्याचा एक शब्द नव्हता. त्यांनी कंपनीला पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. डॉक्टरांना विचारलं, कुणी हो म्हणालं, कुणी तेवढं नाही म्हणालं. शेवटी त्यांनी काटा काउंटरच्या बाहेर आणून ठेवला. मग एसटी पकडून त्या मुलीच्या गावाला गेल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय म्हणणार. मी अंगणात उभी राहून सांगितलं, तू खरी होतीस, चूक माझी. तिनं पाणी आणून दिलं. पोर कडेवर होतं." काकूंनी डगल्याच्या टोकानं भिंग पुसलं. "पाणी दिलं तेवढं पुष्कळ झालं."

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. खिडकीतल्या सिस्टरनं फॉर्म पुढे केला आणि म्हणाली, "मिस्टरांची सही लागेल." मी म्हटलं, ते जहाजावर आहेत. "मग सासूची आणा." सासूबाईंची सही आणायची म्हणजे मांजरीला विचारून दूध लपवण्यातला प्रकार. मी उठायला लागले, तर काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. काय वजनदार हात तो.

"नवऱ्याची सही लागते असं कुठल्या नियमात आहे, ते मला लेखी द्या," काकू म्हणाल्या.

"आमच्याकडे पद्धत आहे."

"पद्धतच लेखी द्या. खाली तुमचं नाव घाला. मी थांबते, घाई नाय."

सिस्टर कागद चाळत राहिली. काकू खिडकीवर दोन्ही कोपरं टेकून उभ्या राहिल्या, त्यांच्या मागे रांग. पाच मिनिटं गेली. रांगेतली एक बाई म्हणाली, द्या ना हो लिहून, आम्हालाही बघू दे. शेवटी आतून डॉक्टरीणबाई आल्या, काय चाललंय विचारलं, आणि सिस्टरकडे बघून म्हणाल्या, तिची स्वतःची सही घे, तिला आत पाठव. मी सही केली. शाळा सुटल्यावर स्वतःच्या कामासाठी केलेली ती माझी दुसरी सही. पहिली भरतीच्या फॉर्मवर होती.

तांबी बसवून झाली. दुखलं, पण दोन बाळंतपणं काढलेल्या बाईनं त्याची काय कथा सांगायची. परत येताना रिक्षात मला एकदम रडू आलं आणि रडता रडता काकूंचाच राग आला. मी म्हटलं, "काकू, तुम्ही सगळ्यांना चढवता. सगळ्यांचं वजन गावाला ऐकवता. तुम्ही स्वतः कधी चढलात त्या काट्यावर? तुमच्या त्या चढ-चढमुळं मी आले नाही. माझ्यासारख्या किती आल्या नसतील. बारकीला पाठवतात सगळ्या." काकू मांडवी येईपर्यंत समुद्राकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई जन्मात माझं तोंड बघणार नाही.

घरी आले तर सासूबाईंनी भात, सार सगळं करून ठेवलं होतं. मी सवयीनं कळशी उचलायला गेले. सासूबाई पाठमोऱ्याच होत्या, तशाच म्हणाल्या, "आज जड उचलू नको. तांबी बसवली की एक दिवस सांभाळायचं असतं." कळशी मी खाली ठेवली. नातवाचं त्या पुन्हा बोलल्या नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही की तुम्हाला कसं कळलं. एक्केचाळीस किलोंची बाई, पाच बाळंतपणं झालेली. कळलं असणारच.

दोन दिवसांनी काकूंच्या दुकानात आवाज चाललेला ऐकला म्हणून मी पलीकडच्या फुटपाथवर थांबले. काकू काट्यावर उभ्या. डगल्यासकट, चपला काढून. दुकान भरलेलं. "अठ्ठ्याण्णव," काकू मोठ्यानं म्हणाल्या. "मी अठ्ठ्याण्णव. बघून घ्या सगळ्यांनी, सुई खोटं बोलत नाय." मग खाली उतरल्या आणि समोर दाराला टेकलेल्या एका जाडजूड बाईला म्हणाल्या, "आता तू." ती बाई हसली. चढली. मी रस्ता ओलांडून दुकानात गेले.

मला बघून काकू म्हणाल्या, "चूक माझीच होती. काटा बाहेर ठेवला आणि बायकांना घरी बसवलं." त्या दिवसापासून नियम बदलला. आधी काकू चढणार, आकडा सांगणार, मग गिऱ्हाईक. दिवसात दहा वेळा चढावं लागलं तर दहा वेळा. जेवणानंतर अर्धा किलो वाढलेला असायचा, तोही सांगायच्या. ज्या बारक्या मुली दुसरीसाठी येत त्यांना विचारायच्या नाहीत कुणासाठी. नुसती चिठ्ठी द्यायच्या: घेणारी सत्तरच्या पुढे असेल तर हे वाच. त्या प्रतिष्ठित गृहस्थांची सून एकदा रिकाम्या हातानं आली आणि चिठ्ठी घेऊन गेली. काकूंनी हे मला सांगितलं, पण कुठली सून ते सांगितलं नाही.

अठरा दिवसांनी मला पाळी आली. मी धावत सांगायला गेले. विचारलं, गोळीनं झालं की तांबीनं? काकू म्हणाल्या, "कुणाला कळणार? कळायची गरजपण नाय. ट्रेनिंगला कधी जातेस?"

मी गेले. बिल्ला लावला, खाकी चढवली. पहिली ड्यूटी रत्नागिरी–गुहागर. खच्चून भरलेल्या गाडीत मी मधून पुढे सरकत तिकिटं फाडत होते तर मागून एक टवाळ म्हणाला, "कंडक्टरच एवढी, पॅसेंजर कुठे उभे राहणार?" पूर्वीची मी असते तर घाटात उडी मारली असती. मी म्हटलं, "तुमच्यासारखे दोन उतरवले की पुष्कळ जागा होते. सुट्टे काढा." सगळी गाडी हसली. चिपळूणपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता.

पुढे काकूंचे गुडघे गेले. दिवसात दहा वेळा काट्यावर चढायचे दिवस संपले. दुकान विकलं, आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. पाटी कुणी नेली कळलं नाही. त्या भाचीकडे चिपळूणला राहायला गेल्या. जायच्या आधी रिक्षा करून डेपोत आल्या, काखेत तोच काटा, तोच टॉवेल. म्हणाल्या, "हा तुझ्याकडे ठेव. इथे बायका येतात-जातात." मी म्हटलं, काकू, मी काय औषधवाली आहे? "औषध कुठेपण मिळतं गो," त्या म्हणाल्या. "खरं बोलणारी मिळत नाय." पुढल्या वर्षी त्या गेल्या. मी गुहागरच्या फेरीवर होते, मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री जेवले नाही एवढंच.

काटा डेपोतल्या बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत बाकड्याखाली आहे. लाल रंग बराच उडाला, सुई अजून बरोबर. परवा नवीन भरतीतली एक मुलगी आली. कंडक्टरच, माझ्यासारखीच भरलेली, अजून ट्रेनिंगवर. दार लावून घेतलं, ओढणीशी खेळत राहिली. म्हणाली, "ताई, माझ्या एका मैत्रिणीला विचारायचंय. तिला ती गोळी घ्यायचीय. कुठलीपण चालते ना?"

मी बाकड्याखालून काटा ओढला. लोखंड फरशीवर खरखरलं. चपला काढल्या, चढले. बाहेर ड्रायव्हर लोक चहा पीत उभे होते, खिडकी उघडी होती.

"मी सत्त्याऐंशी," मी म्हटलं, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि खाली उतरून तिला जागा दिली. "आता तुझ्या मैत्रिणीला चढव."